गुडघ्याचे दुखणे नेमके कधी सुरू होते?

गुडघ्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या भेटीत विचारते, "दुखणे कधीपासून आहे?" उत्तर बहुतेक वेळा महिन्यांत येते, फार तर एक-दोन वर्षांत. फिजिओथेरपीच्या व्यवसायात इतकी वर्षे काढल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, हे उत्तर प्रामाणिक असले तरी अपुरे असते. दुखणे दोन वर्षांपूर्वी जाणवू लागलेले असते, पण त्याची सुरुवात कित्येकदा दोन-तीन दशके आधीच झालेली असते.

काही वर्षांपूर्वी ४८ वर्षांच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. त्यांना जिना उतरायला सांगितले, तेव्हा त्या कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय आणत उतरल्या, आणि प्रत्येक वेळी उजवाच पाय आधी खाली टाकला. उतरताना जो पाय वरच्या पायरीवर राहतो, त्याला वाकलेल्या गुडघ्यावर सगळा भार पेलावा लागतो. म्हणून शरीर आपोआप चांगला पाय वर ठेवते आणि दुखरा पाय आधी खाली सोडते. टेपने मोजले तर उजवी मांडी डावीपेक्षा दोन सेंटिमीटरने बारीक भरली. एक्स-रेमध्ये उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूची, दोन हाडांमधली फट बरीच कमी झालेली होती, डावा गुडघा मात्र जवळजवळ निर्दोष होता. "वयोमानाप्रमाणे झीज झाली आहे," एवढेच त्यांना आधी सांगण्यात आले होते. पूर्वी कधी मार लागला होता का, या माझ्या प्रश्नाला त्यांनी दोनदा नाही म्हटले. तिसऱ्या भेटीत व्यायाम करता करता त्या अचानक थांबल्या आणि म्हणाल्या, "कॉलेजात बास्केटबॉल खेळताना एकदा उडी मारून खाली आले आणि गुडघ्यात कट् असा आवाज झाला होता. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. तीन आठवडे पट्टी बांधली होती. पण ते तर केव्हाच बरे झाले."

त्या वेळी त्या १७ वर्षांच्या होत्या. उडीनंतर आलेला आवाज आणि काही तासांत आलेली सूज ही गुडघ्यातील लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी जोडून ठेवणारा चिवट पट्टा, फाटल्याची ठळक लक्षणे आहेत. दुखणे थांबले, सूज उतरली, परीक्षा तोंडावर आल्या आणि घरातले सगळेच ती गोष्ट विसरून गेले. गुडघा मात्र विसरला नव्हता. त्या दिवसापासून माझ्या केसपेपरवरचा प्रश्न मी बदलला. "पूर्वी मार लागला होता का?" असे न विचारता मी आता विचारते, "वयाच्या पंधराव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यान तुमचा गुडघा कधी सुजला होता का?" या प्रश्नाला होकार देणाऱ्यांची संख्या पहिल्या प्रश्नाच्या मानाने कितीतरी अधिक आहे.

गुडघा असे जुने हिशेब का जपून ठेवतो, हे समजून घ्यायचे तर कूर्चेविषयी थोडे सांगावे लागेल. रुग्ण तिला गादी म्हणतात, आणि तो शब्द वाईट नाही. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या टोकांवर असलेला हा गुळगुळीत, लवचीक थर काही मिलिमीटर जाडीचा असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात आणि चेतातंतूही नसतात. सांध्यातील द्रवातून तिला पोषण मिळते. भार पडला की कूर्चा स्पंजसारखी दबते आणि भार निघाला की द्रव आत ओढून घेते. चेतातंतू नसल्यामुळे सुरुवातीची इजा ती बोलून दाखवत नाही. दुखू लागते ते पुढे, जेव्हा कूर्चेखालचे हाड, सांध्याचे अस्तर आणि आजूबाजूच्या ऊती त्यात ओढल्या जातात.

याहून महत्त्वाची गोष्ट २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून समोर आली. १९५० आणि १९६०च्या दशकांत झालेल्या अण्वस्त्र चाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण एकदम वाढले आणि पुढे हळूहळू कमी होत गेले, त्यामुळे त्या काळात शरीरात तयार झालेल्या ऊतींवर जणू तारखेचा शिक्का बसला. वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्या माणसांच्या गुडघ्यातील कूर्चेचे नमुने या पद्धतीने तपासल्यावर दिसून आले की, कूर्चेचा सांगाडा ज्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो ते वाढीच्या वयात तयार होते आणि त्यानंतर आयुष्यभर जवळजवळ बदललेच जात नाही. हाड मोडले तर नवे हाड तयार होते आणि त्वचा सतत नवी होत राहते, परंतु गुडघ्यातील कूर्चेचा सांगाडा आपल्याला एकदाच मिळतो. हे वाचल्यानंतर किशोरवयीन मुलांच्या गुडघ्यांकडे पाहण्याची माझी दृष्टी पार बदलून गेली.

म्हणून वयानुसार धोके सांगायचे झाले तर मी पहिला क्रमांक साठीला देणार नाही. तो पंधरा ते तीस या वयाला देईन, आणि त्या वयातील सर्वांत मोठा धोका म्हणजे गुडघ्याची दुखापत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वैद्यकीय विद्यार्थ्यांचा तारुण्यापासून कित्येक दशके मागोवा घेणारा एक अभ्यास आहे. त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. किशोरवयात किंवा तारुण्यात गुडघ्याला दुखापत झालेल्यांपैकी १३.९ टक्के लोकांना वयाच्या पासष्टीपर्यंत गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याच्या झिजेचा आजार, झाला होता, तर दुखापत न झालेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. स्वीडनमधील फुटबॉल खेळणाऱ्या महिलांचा २००४ सालचा अभ्यास तर अधिकच अस्वस्थ करणारा आहे. गुडघ्याच्या मध्यभागी तिरके असणारे पुढचे क्रूशिएट लिगामेंट फाटल्यानंतर बारा वर्षांनी त्यांच्या गुडघ्यांचे एक्स-रे काढण्यात आले, तेव्हा त्यांचे सरासरी वय अवघे ३१ होते आणि एक्स-रे काढलेल्यांपैकी निम्म्या महिलांच्या गुडघ्यांत ऑस्टिओआर्थ्रायटिसचे बदल स्पष्ट दिसत होते. एकतीस वर्षांच्या स्त्रीला "वयोमानाप्रमाणे" हे उत्तर कोण देणार?

शस्त्रक्रियेने लिगामेंट नव्याने बसवले की सगळे पूर्ववत होते, असा एक समज आहे. शस्त्रक्रियेमुळे गुडघा स्थिर होतो, खेळ पुन्हा सुरू करता येतो आणि वारंवार गुडघा सटकून होणारी पुढची हानी टाळता येते, हे फायदे खरे आहेत. परंतु दुखापतीच्या क्षणी कूर्चेवर बसलेला दणका त्याने पुसला जात नाही, आणि नंतरची झीज टळेल अशी हमीही मिळत नाही. मेनिस्कसचेही तसेच आहे. दोन हाडांमधील या अर्धचंद्राकृती चकत्या भार वाटून घेण्याचे काम करतात. पूर्वी मेनिस्कस फाटला की तो सरसकट काढून टाकत असत. फेअरबँक या शल्यविशारदाने १९४८ सालीच दाखवून दिले होते की, मेनिस्कस काढलेल्या गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये पुढे विशिष्ट बदल दिसू लागतात. तरीही तो पूर्ण काढण्याची पद्धत त्यानंतर कित्येक दशके चालू राहिली. आज शक्य तेथे तो शिवण्याकडे किंवा निदान जास्तीत जास्त भाग राखण्याकडे कल आहे. तारुण्यात मेनिस्कस काढलेला असेल, तर ती माहिती केसपेपरवर आलीच पाहिजे.

यात मुलींविषयी वेगळे बोलणे मला आवश्यक वाटते. उड्या आणि झटक्यात दिशाबदल असणाऱ्या एकाच प्रकारच्या खेळात मुलांच्या तुलनेत मुलींमध्ये पुढचे क्रूशिएट लिगामेंट फाटण्याचे प्रमाण दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असते. उडीवरून खाली येताना गुडघे आत वळणे आणि पाय पुरेसे न वाकवता ताठ उतरणे ही त्यामागची दिसणारी आणि सुधारता येणारी कारणे आहेत. उडीचे तंत्र, तोल आणि मांडी-नितंबांची ताकद यांवर भर देणारा सराव नियमित करवून घेतला, तर मुलींमधील अशा दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होतात, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसून आले आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा पंधरा-वीस मिनिटे, एवढाच त्याचा खर्च. गुडघ्याच्या झिजेवरील सर्वांत परिणामकारक उपाय मला विचारला, तर मी शाळेच्या मैदानाकडे बोट दाखवीन.

दुखापतीनंतर मांडीचा पुढचा स्नायू रोडावतो, ही गोष्टही लोकांना ठाऊक नसते. गुडघ्यात सूज असली की मज्जासंस्था त्या स्नायूला पूर्ण ताकद लावूच देत नाही. सूज उतरते, पण स्नायू आपणहून भरून येत नाही, त्यासाठी महिनोन्महिने व्यायाम करावा लागतो. त्या बाईंची उजवी मांडी केवळ अलीकडच्या दुखण्यामुळे बारीक झालेली नसावी, असे मला वाटते. कॉलेजातल्या त्या तीन आठवड्यांनंतर त्यांना कोणीही व्यायाम शिकवलेला नव्हता, त्यामुळे बहुधा तिशी आणि चाळिशीही त्यांनी उजव्या पायाची उणीव भरून न काढताच ओलांडली होती.

तिशी-चाळिशीत चित्र बदलते. दुखापती कमी होतात आणि वजन व काम हे दोन धोके पुढे येतात. वजनाविषयी बोलताना मला नेहमी संकोच वाटतो, कारण आधीच दुखण्याने बेजार झालेल्या माणसाला तूच दोषी आहेस असे ऐकवणे क्रूरपणाचे आहे आणि निरुपयोगीही. म्हणून मी फक्त आकडे सांगते. ज्यांच्या कृत्रिम गुडघ्यांत भार मोजणारी यंत्रणा बसवलेली होती, अशा रुग्णांवरील मोजमापांतून दिसले आहे की, सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो आणि जिना उतरताना तो साडेतीन पटींच्या घरात जातो. वजनदार आणि गुडघ्याची झीज असलेल्या वयस्कर व्यक्तींच्या २००५ सालच्या अभ्यासात असे आढळले की, शरीराचे वजन एक किलोने घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. दिवसभरातली हजारो पावले मनात आणा, म्हणजे थोड्या फरकाचेही मोल कळेल. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घकालीन अभ्यासातून १९९२ साली पुढे आलेला निष्कर्ष तर मला रुग्णांना सांगायला फारच आवडतो. ज्या स्त्रियांचे वजन दहा वर्षांच्या काळात साधारण पाच किलोंनी कमी झाले, त्यांच्यात त्रासदायक गुडघेदुखीसह ऑस्टिओआर्थ्रायटिस होण्याची शक्यता निम्म्याहूनही अधिक घटली. पाच किलो हे आवाक्यातले अंतर आहे.

वजनाचा परिणाम केवळ भाराचा असता, तर स्थूल व्यक्तींच्या हातांच्या बोटांत ऑस्टिओआर्थ्रायटिस अधिक आढळला नसता, कारण बोटांवर कोणी चालत नाही. चरबीच्या पेशी दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडतात आणि ती सांध्यांपर्यंत पोहोचतात, असे आता मानले जाते. शिवाय वजन कधी वाढले यालाही महत्त्व आहे. आधी उल्लेख केलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्याच अभ्यासात विशीतील वजनाचा पुढच्या झिजेशी असलेला संबंध नंतरच्या वयातील वजनापेक्षा अधिक घट्ट दिसला होता. मुलाचे किंवा तरुणाचे वाढलेले वजन पुढे आपोआप उतरेल म्हणून सोडून देणे मला म्हणूनच पटत नाही.

कामाविषयी थोडक्यात सांगते. वर्षानुवर्षे गुडघ्यांवर टेकून किंवा उकिडवे बसून करायची कामे, आणि त्याला जड वजन उचलण्याची जोड, यांमुळे धोका वाढतो हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. फरशी बसवणारे, खाणीत राबणारे, बांधकामावरचे मजूर यांना पंचेचाळिशीतच गुडघे धरलेले मी पाहते. अशा माणसाला "काम बदला" असा सल्ला देणे सोपे आहे. मी त्याऐवजी गुडघ्याखाली जाड गादी घेणे, दर वीस मिनिटांनी उठून उभे राहणे आणि वजन उचलताना उकिडवे बसण्याची गरज पडणार नाही अशा उंचीवर सामान ठेवणे, एवढ्या गोष्टींवर भर देते.

धावण्याने गुडघे झिजतात, ही भीती मात्र मला दूर करायची आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात हौशी धावपटूंमध्ये गुडघा आणि खुबा यांच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचे प्रमाण ३.५ टक्के होते, बैठ्या माणसांत ते १०.२ टक्के होते आणि स्पर्धात्मक धावणाऱ्यांत १३.३ टक्के. धावणारे मुळातच सडपातळ आणि निरोगी असण्याची शक्यता असते, हे लक्षात घेऊनही चांगल्या गुडघ्याच्या माणसाने आवडीपुरते धावायला घाबरण्याचे कारण मला दिसत नाही. कूर्चेला पोषण भारामुळेच मिळते, हे वर आलेच आहे.

पंचेचाळीस ते पंचावन्न या दरम्यान स्त्रियांच्या बाबतीत गुडघ्याच्या झिजेचा आलेख एकदम चढतो. पन्नाशीपर्यंत स्त्री-पुरुषांत फारसा फरक नसतो, त्यानंतर स्त्रिया स्पष्टपणे पुढे जातात. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होणे हे त्याचे एक कारण मानले जाते, परंतु संप्रेरके बाहेरून दिल्याने गुडघेदुखी निश्चित कमी होते असे चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. याच वर्षांत स्नायूंची ताकद घटते, वजन वाढते, झोप बिघडते आणि घरातल्या सगळ्यांची काळजी वाहता वाहता स्वतःच्या व्यायामाचा तास सर्वांत आधी जातो. यांतला कोणता धागा किती जबाबदार, हे एका व्यक्तीपुरते सांगता येत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूचा अशक्तपणा हा मात्र झिजेच्या आधीच दिसणारा धोका आहे आणि तो कोणत्याही वयात कमी करता येतो, म्हणून या वयातील स्त्रियांशी बोलताना मी सर्वाधिक वेळ त्यावरच घालवते.

"आईचेही गुडघे असेच होते," हे वाक्य मला रोज ऐकू येते. आनुवंशिकतेचा वाटा खरोखरच मोठा आहे. स्त्री-जुळ्यांच्या १९९६ सालच्या अभ्यासात हात आणि गुडघ्यांच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये तो ३९ ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे दिसले होते. त्याच वेळी अमेरिकेतील जुन्या आणि अलीकडच्या सांगाड्यांची तुलना करणाऱ्या २०१७ सालच्या संशोधनात असे आढळले की, विसाव्या शतकाच्या मध्यानंतर गुडघ्याच्या झिजेचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले, आणि वय व वजन हिशेबात धरल्यावरही ही वाढ उरलीच. जनुके दोन-तीन पिढ्यांत इतकी बदलत नाहीत. आईकडून गुडघ्याची ठेवण आली असेल, पण आईच्या जिन्यावरच्या वेदना आपोआप येत नाहीत.

साठीनंतर वय स्वतःच धोका ठरते, हे मी नाकारत नाही. कूर्चेतील पेशी थकतात, मेनिस्कस ठिसूळ होतो, तोल आणि स्नायू कमजोर होतात. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतील तर आतल्या बाजूवर भार एकवटतो. आधीच झीज असलेल्या अशा गुडघ्यांत अठरा महिन्यांच्या अवधीत आतल्या बाजूची झीज वाढण्याची शक्यता चौपट असल्याचे २००१ सालच्या एका अभ्यासात दिसले. पण या वयात मला सर्वांत घातक वाटते ती हालचालीची भीती. "ग्रीस संपले आहे, आता वापर कमी करा," असे कोणीतरी सांगते, माणूस खुर्चीत बसून राहतो, स्नायू आणखी झडतात आणि दुखणे वाढते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात मीही एका आजींना जिना पूर्ण बंद करायला सांगितले होते. तीन महिन्यांनी त्या आल्या, तेव्हा त्यांना खुर्चीतून उठायलाही आधार लागत होता. तो सल्ला चुकीचा होता आणि मी तो पुन्हा कोणालाही दिलेला नाही.

एक्स-रे आणि दुखणे यांची सांगड नेहमी बसतेच असे नाही, हेही याच वयात ठळकपणे दिसते. फट जवळजवळ मिटलेली माणसे चालत फिरतात आणि सौम्य बदल असलेली माणसे रात्र जागून काढतात. गेल्या वर्षी ७२ वर्षांचे एक गृहस्थ आले होते. एक्स-रेचा लिफाफा त्यांनी टेबलावर ठेवला तो एखाद्या निकालपत्रासारखा. मी तो बाजूला ठेवला, हात छातीशी दुमडून घ्यायला सांगितले आणि तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येते ते मोजले. सहा वेळा. आम्ही आधी उंच खुर्चीवरून उठण्याचा सराव केला, मग साध्या खुर्चीवरून, मग एका छोट्या पायरीवर चढण्याचा. दुखणे सुसह्य असेल तोवर थांबायचे नाही आणि दुसऱ्या दिवशी सूज आली तर एक पायरी मागे जायचे, एवढाच नियम होता. बारा आठवड्यांनी ते तीस सेकंदांत अकरा वेळा उठले. दरम्यान कोणीतरी नवा एक्स-रे काढायला सांगितला होता, तो त्यांनी मला दाखवला. फट पहिल्याइतकीच होती.